एका चिंचोळ्या वाटेचा इतिहास

२०१७ सालच्या गणेशोत्सवाची आठवण आपल्या मंडळाच्या बहुतेक सभासदांना असेल. त्या वर्षी गणेशचतुर्थी २५ ऑगस्टला होती. प्रथेप्रमाणे पेणहून शाडूची मूर्ती आणण्याचे काम सुट्टीवर गेलेल्या एका कुटुंबाने अंगावर घेतले होते. मूर्ती लाकडी पेटीत पेंढ्यात नीट बसवून ते आगगाडीने निघाले खरे. परंतु ऑगस्टच्या मध्यास बिहारच्या पूर्व भागात महापूर आला, कटिहार आणि किशनगंज यांच्या परिसरात रेल्वेमार्ग व पूल खचले, आणि ईशान्येकडे येणाऱ्या गाड्या जवळजवळ तीन आठवडे बंद पडल्या. चार दिवस वाट पाहून ते कुटुंब मूर्तीसह माघारी फिरले. इकडे गुवाहाटीत आम्ही दुर्गेच्या मूर्ती घडविणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे धाव घेतली. त्याने पाच दिवसांत गणपती करून दिला. त्या गणपतीचे डोळे दुर्गेच्या डोळ्यांसारखे लांबट आणि पाणीदार होते. आरतीच्या वेळी मुले त्याकडे टक लावून पाहत होती.

मूर्ती न येण्यास पूर कारणीभूत होता, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु नेमक्या त्याच दिवसांत, त्याच भूभागावर आणखी दोन संकटे घोंघावत होती, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुराच्या वर, दार्जिलिंगच्या डोंगरात स्वतंत्र गोरखालँडच्या मागणीसाठी जूनपासून बंद पाळला जात होता. तो सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक दिवस चालला. त्याच्याही वर, सिक्कीम, भूतान व तिबेट यांच्या सीमा जेथे एकत्र येतात त्या डोकलामच्या पठारावर भारत आणि चीन यांचे सैनिक १६ जूनपासून २८ ऑगस्टपर्यंत समोरासमोर उभे होते. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात निसर्ग, स्वकीयांचा असंतोष आणि परकीय सैन्य या तिघांनीही एकाच वाटेवर दडपण आणावे, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. ती वाटच तशी आहे. त्या वाटेची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी इतिहासाचा संशोधक नव्हे. बी. ए.ला इतिहास हा विषय होता आणि केंद्र सरकारच्या नोकरीतील निम्मी वर्षे ईशान्येत गेली, एवढेच माझे भांडवल. परराष्ट्र वा संरक्षण खात्याशी माझा कधी संबंध आला नाही. येथे मांडलेली मते सर्वस्वी माझी स्वतःची आहेत.

वाटेचा भूगोल

आपण दरवर्षी गावी जातो तेव्हा न्यू जलपाईगुडी स्थानकावर चहा घेतो, डब्यातील दशम्या सोडतो आणि ‘आता अर्धा प्रवास झाला’ असे मुलांना सांगतो. प्रवास अर्धा होत नाही, हे मुलांनाही कळते. परंतु त्या परिसरात आपली गाडी किती अरुंद भूमीवरून जाते, हे खिडकीतून कळत नाही. चहाचे मळे, भाताची खाचरे आणि निळसर डोंगर एवढेच दिसते. डोंगराकडे तोंड करून उभे राहिले तर डाव्या हाताला नेपाळ, पाठीमागे बांगलादेश, उजवीकडे पुढे भूतान आणि समोर सिक्कीमपलीकडे तिबेटची चुंबी खोरी. या साऱ्यांच्या मधून भारताची जी पट्टी पूर्वेकडे जाते, ती सर्वांत अरुंद जागी अवघी वीस ते बावीस किलोमीटर रुंद आहे. इंग्रजीत तिला ‘कोंबडीची मान’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. या मानेपलीकडे सुमारे साडेचार कोटी लोक राहतात आणि देशाच्या भूमीचा जवळजवळ आठ टक्के भाग आहे. त्या साडेचार कोटींत आपलीही चार बिऱ्हाडे आहेत.

अशी ही मान निसर्गाने घडविली, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. ही पट्टी एखाद्या गोधडीप्रमाणे निरनिराळी ठिगळे जोडून शिवलेली आहे आणि प्रत्येक ठिगळ कोणत्या ना कोणत्या शेजाऱ्याच्या अंगावरचे आहे.

ठिगळांची गोधडी

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी नेपाळच्या गोरखा राजवटीने सिक्कीमचा मोठा मुलूख जिंकला होता. १८१४ ते १८१६ च्या युद्धात ईस्ट इंडिया कंपनीने नेपाळचा पराभव केला आणि मेची व तिस्ता या नद्यांमधील प्रदेश आपल्या हाती घेतला. १० फेब्रुवारी १८१७ रोजी टिटालिया येथे तह करून कंपनीने तो सिक्कीमच्या राजास परत दिला. नेपाळ आणि भूतान यांच्यामध्ये एक मित्रराज्य असावे, हा त्यामागील हिशेब. पुढे १८३५ मध्ये हवापालटासाठी म्हणून दार्जिलिंगचा डोंगर कंपनीने सिक्कीमकडून मागून घेतला. १८४९ मध्ये दोन इंग्रजांना सिक्कीमच्या दरबाराने अटकेत ठेवल्याचे निमित्त झाले आणि १८५० मध्ये डोंगराच्या पायथ्याची तराईही खालसा झाली. आजची सिलिगुडी या तराईत आहे. तिस्तेच्या पूर्वेकडील दुआरांचा प्रदेश १८६४-६५ च्या युद्धानंतर सिंचुला येथील तहाने भूतानकडून घेतला गेला. कुचबिहार हे संस्थान होते. ते १९४९ मध्ये भारतात विलीन झाले आणि १ जानेवारी १९५० रोजी पश्चिम बंगालचा जिल्हा बनले. शेवटचे ठिगळ तर स्वतंत्र भारतातच जोडले गेले. फाळणीनंतर पश्चिम बंगालचे उत्तर व दक्षिण असे दोन तुकडे पडले होते. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, बिहारचा इस्लामपूरकडील भाग बंगालला देऊन ते सांधण्यात आले.

इतिहासाचा एक खेळ येथे नमूद करण्यासारखा आहे. ज्या टिटालियाला १८१७ चा तह झाला, ते गाव आज तेतुलिया या नावाने बांगलादेशात आहे. भारताच्या मानेवर दक्षिणेकडून जे टोक टेकलेले दिसते, ते हेच. १९४७ मध्ये सर सिरिल रॅडक्लिफ यांनी जलपाईगुडी जिल्ह्यातील तेतुलिया, पंचगड, बोदा, देवीगंज आणि पाटग्राम ही पाच ठाणी पूर्व पाकिस्तानला दिली आणि मान आणखी आवळली गेली. रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात आले आणि त्यांचा निवाडा १७ ऑगस्टला प्रसिद्ध झाला. दोन प्रांतांच्या वाटणीस त्यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. यापूर्वी त्यांनी हा देश पाहिलेलाही नव्हता.

तुटलेला मार्ग

फाळणीपूर्वी कलकत्त्याहून आसामला किंवा दार्जिलिंगला जाणारी आगगाडी या मानेतून पश्चिमेकडून येत नसे. ती सरळ उत्तरेस पूर्व बंगालमधून जाई. पद्मा नदीवर १९१५ मध्ये बांधलेल्या हार्डिंज पुलावरून संताहार, पार्वतीपूर करीत गाडी सिलिगुडीस येई. आसामचा चहा नदीमार्गाने कलकत्त्याला किंवा रेल्वेने चितगाव बंदरात जाई. १९४७ च्या ऑगस्टमध्ये हे सारे मार्ग परक्या देशात गेले. आसाम भारतात राहिला, परंतु भारताशी त्याचा स्वतःच्या भूमीवरून जाणारा सलग लोहमार्ग उरला नाही.

तो दुवा पुन्हा जोडण्याचे काम जानेवारी १९४८ मध्ये हाती घेण्यात आले. कर्नेल सिंग या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली किशनगंजपासून फकिराग्रामपर्यंत सुमारे २३० किलोमीटरांचा मीटरगेज मार्ग तिस्ता, तोरसा, संकोश अशा लहरी नद्या ओलांडत, हिवतापाने ग्रासलेल्या जंगलातून, दोन वर्षांच्या आत पुरा करण्यात आला. २६ जानेवारी १९५० रोजी, भारत प्रजासत्ताक झाला त्याच दिवशी, या मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू झाली. गुवाहाटीजवळ मात्र ब्रह्मपुत्रा नावेनेच ओलांडावी लागे. ती अडचण सराईघाटच्या पुलाने १९६२ मध्ये दूर केली. प्रजासत्ताकदिनाला आपण ध्वजवंदन करतो तेव्हा या मजुरांची व अभियंत्यांची आठवण काढावी, असे मला नेहमी वाटते. राज्यघटनेने जे कागदावर एक केले, ते त्यांनी खडी आणि रूळ टाकून प्रत्यक्षात एक केले.

उत्तरेचे दडपण

मानेच्या उत्तरेस सिक्कीम व भूतान यांच्यामध्ये तिबेटची चुंबी खोरी खंजिरासारखी शिरलेली आहे. ब्रिटिशांनी तिचे महत्त्व ओळखले होते. १८९० च्या कलकत्ता करारात सिक्कीम-तिबेट सीमा ठरविण्यात आली आणि तिचा आरंभ गिपमोची या शिखरापासून धरण्यात आला. १९०३-०४ मध्ये यंगहजबंड यांची सशस्त्र स्वारी याच खोऱ्यातून ल्हासाला गेली आणि नंतर ब्रिटिशांनी ते खोरे १९०८ पर्यंत ताब्यात ठेवले. त्या १८९० च्या करारातील शब्दांवरून २०१७ मध्ये वाद पेटला. तिन्ही देशांच्या सीमा गिपमोचीला मिळतात असे चीन म्हणतो. त्या उत्तरेस, बटांग ला येथे मिळतात अशी भारत व भूतान यांची भूमिका आहे. अंतर थोडके आहे. पण चीनचे म्हणणे मान्य झाल्यास जम्फेरीची धार त्याच्या हाती जाते, आणि त्या धारेवरून खाली दक्षिणेकडची मैदाने दिसतात.

१९६२ च्या नोव्हेंबरात चिनी फौजा बोमडिलापर्यंत उतरल्या तेव्हा तेजपूर रिकामे झाले. त्या दिवसांच्या कथा गुवाहाटीतील वडीलधारी मंडळी अद्यापही सांगतात. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि ‘हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला’ असे महाराष्ट्रात म्हटले जाऊ लागले. पर्वतीय युद्धासाठी नवीन डिव्हिजन उभारण्याचे जे काम त्यानंतर झाले, त्याची कसोटी सिक्कीमच्या सीमेवर लागली.

१९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध चालू असताना चीनने सिक्कीमच्या सीमेवरील भारतीय ठाणी हलविण्याविषयी निर्वाणीचा खलिता धाडला. मानेला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी कात्रीत धरण्याचा हा पहिला उघड प्रसंग होय. जेलेप ला ही खिंड तेव्हा सोडली गेली. नथु ला मात्र मेजर जनरल सगत सिंग यांनी सोडली नाही. दोन वर्षांनी, ११ सप्टेंबर १९६७ रोजी, त्याच नथु लावर तारेचे कुंपण घालण्यावरून तोफा धडाडल्या. १ ऑक्टोबरला चो ला येथे चकमक झाली. दोन्ही ठिकाणी भारतीय सैनिक मागे हटले नाहीत. त्यानंतर सिक्कीमच्या सीमेवर तशी मोठी लढाई झालेली नाही. १९७५ मध्ये, आपले मंडळ स्थापन झाले त्याच वर्षी, सिक्कीम भारताचे घटकराज्य झाले. २००३ ते २००५ या काळात चीननेही ते वस्तुतः मान्य केले आणि २००६ मध्ये नथु लामार्गे व्यापार पुन्हा सुरू झाला. दृढतेचे मोल असते, हा या प्रकरणाचा धडा आहे आणि तो विसरता कामा नये.

परंतु त्याच १९६७ सालाचे दुसरे एक पान आहे. २५ मे रोजी सिलिगुडीजवळच्या नक्षलबाडीत पोलिसांच्या गोळीबारात आंदोलक शेतकरी कुटुंबांतील माणसे, त्यात स्त्रिया व मुलेही, मृत्युमुखी पडली. भूमिहीनांच्या त्या उठावाचे पेकिंगच्या सरकारी वृत्तपत्राने जाहीर स्वागत केले. नक्षलबाडी मानेच्या ऐन अरुंद भागात आहे. खिंडीवर तोफा होत्या, पण पायथ्याच्या खेड्यात कूळ आणि जमीनदार यांचा तंटा पिढ्यान्‌पिढ्या सुटला नव्हता. १९८६ ते १९८८ या काळात आणि पुन्हा २०१७ मध्ये डोंगरातील नेपाळीभाषकांच्या असंतोषानेही तेच दाखवून दिले. आपलीच माणसे दुरावली तर सीमेवरचा पहारा अपुरा पडतो.

दक्षिणेची कहाणी

दक्षिणेकडील सीमेचा इतिहास याहून वेगळा आणि एका दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. फाळणीनंतरही काही आगगाड्या दोन्ही बंगालांमध्ये धावत होत्या. १९६५ च्या युद्धात त्या बंद झाल्या. १९७१ मध्ये बांगलादेश जन्मास आला आणि कात्रीचे दक्षिणेकडील पाते गळून पडले. परंतु सीमा सुटली नाही. कुचबिहार आणि रंगपूर यांच्या परिसरात जगात कोठेही नसेल असा गुंता होता. भारताची १११ गावठाणे बांगलादेशाच्या पोटात आणि बांगलादेशाची ५१ भारताच्या पोटात होती. त्यांना छिटमहल म्हणत. कुचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळाच्या डावात गावे पणाला लावीत, अशी दंतकथा आहे. वस्तुतः मोगल व कुचबिहार यांच्यातील अठराव्या शतकाच्या आरंभीच्या तहाने हा गुंता निर्माण झाला. एका ठिकाणी तर भारताचा तुकडा बांगलादेशाच्या तुकड्यात, तो भारताच्या तुकड्यात आणि तो पुन्हा बांगलादेशात, अशी पेटीत पेटी होती.

नकाशा पाहणाऱ्यास ही गंमत वाटेल. तेथे राहणाऱ्यांना ती गंमत नव्हती. २०११ च्या संयुक्त गणनेत या तुकड्यांत ५१ हजारांहून अधिक माणसे आढळली. त्यांना मतदान नव्हते, शिधापत्रिका नव्हती, वीज नव्हती, आणि गावाबाहेर पाऊल टाकले की ती परदेशात बेकायदा शिरत. शाळेत मुलाचे नाव घालण्यासाठी बाप म्हणून दुसऱ्याचेच नाव सांगावे लागे.

हा गुंता सोडविण्यास किती काळ लागला पाहा. १९५८ मध्ये नेहरू आणि फिरोज खान नून यांच्यात समझोता झाला. त्यातील बेरुबाडीचे प्रकरण १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. १९७४ मध्ये इंदिरा गांधी व शेख मुजीबुर रहमान यांनी करार केला. १९९२ मध्ये तीन बिघा नावाची १७८ मीटर लांब व ८५ मीटर रुंद भूमी बांगलादेशास वापरण्यास दिली गेली. २०११ मध्ये पूरक करार झाला आणि २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती संसदेत संमत झाली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री छिटमहलांची अदलाबदल झाली. भारताने सुमारे १७ हजार एकर दिले आणि ७ हजार एकर घेतले. हिशेबाने पाहिल्यास आपण दहा हजार एकर अधिक दिले. परंतु त्या रात्री गोळी सुटली नाही, कोणाचे घर जळले नाही, आणि भारतात आलेल्या तुकड्यांतील एकाही रहिवाशाने देश सोडून जाणे पसंत केले नाही. ज्या सीमेवर १९४७ मध्ये रक्त सांडले, तिच्यावर अडुसष्ट वर्षांनी मेणबत्त्या लागल्या. आशियात सीमेचे तंटे उदंड आहेत; ते असे मिटल्याची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

मित्रत्वाची किंमत आणि मोल

शेजारी प्रसन्न असला की मान सैल होते, याची उदाहरणे आसामच्या रहिवाशांस वेगळी सांगावयास नकोत. डिसेंबर २००३ मध्ये भूतानचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी आपल्या छोट्याशा सैन्यानिशी दक्षिण भूतानमधील भारतविरोधी सशस्त्र संघटनांचे तळ उद्ध्वस्त केले. उलट, एप्रिल २००४ मध्ये चितगाव येथे दहा ट्रक भरून शस्त्रे पकडली गेली, ती आसामातील संघटनेकडे जावयाची होती. पुढे २००९ नंतर ढाक्यातील सरकारने त्याच संघटनेच्या नेत्यांना भारताच्या स्वाधीन केले आणि आसामात बोलण्यांस आरंभ झाला. ज्यांनी १९९० च्या दशकातील गुवाहाटी पाहिली आहे, त्यांना संध्याकाळी सातनंतरचा तो शुकशुकाट आठवत असेल. तो संपला त्यात आपल्या पोलिसांचा वाटा आहे, तसाच थिंपू आणि ढाका यांचाही आहे.

भूतानने याची किंमतही मोजली आहे. १९९० च्या दशकात चीनने उत्तरेकडील मुलूख भूतानला सोडण्याची तयारी दाखवून त्याच्या बदल्यात डोकलामसह पश्चिमेचा भाग मागितला होता. भूतानने तो सौदा केला नाही. २०२१ मध्ये भूतान व चीन यांनी सीमाप्रश्नासाठी तीन टप्प्यांचा आराखडा मान्य केला, तेव्हा दिल्लीत चिंता व्यक्त झाली. ती स्वाभाविक होती. परंतु लहान शेजाऱ्यालाही आपली सीमा निश्चित करून सुखाने झोपावेसे वाटते, हेही तितकेच स्वाभाविक आहे.

येथे आपण क्षणभर वाटेच्या पलीकडच्या बाजूने पाहू. आपणांस जी मान दिसते, ती नेपाळच्या आणि बांगलादेशाच्या माणसाला भिंत दिसते. त्या दोन देशांमध्ये अंतर तेवढेच, वीस-बावीस किलोमीटर; पण मध्ये भारत आहे. १९९७ मध्ये काकरभिट्टा-फुलबाडी-बांगलाबंध हा मार्ग नेपाळ-बांगलादेश व्यापारासाठी खुला झाला, आणि २०२४ मधील त्रिपक्षीय करारानंतर नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशास मिळू लागली. आकडा लहान आहे. तथापि ज्या वाटेवरून शेजाऱ्याचा दिवा पेटतो, ती वाट बंद पडावी असे त्याला वाटत नाही. याच्या उलट १९८९ मध्ये सीमेवरील बहुतेक नाकी बंद झाली आणि २०१५ मध्ये नेपाळात जाणारा माल अडला. २०१५ च्या अडवणुकीचा आरोप भारताने नाकारला. पण त्या हिवाळ्यात गॅसच्या सिलिंडरसाठी रांगेत उभी राहिलेली नेपाळी गृहिणी तो विसरलेली नाही. २०१६ मध्ये नेपाळने चीनशी वाहतुकीचा करार केला.

पुन्हा आवळलेली मान

आता अलीकडचे प्रकरण. २०१५ नंतर वाटत होते की दक्षिणेचा प्रश्न कायमचा सुटला. डिसेंबर २०२० मध्ये हल्दीबाडी-चिलाहाटी हा १९६५ पासून बंद असलेला रेल्वेमार्ग पुन्हा जोडला गेला. १ जून २०२२ पासून न्यू जलपाईगुडीहून ढाक्यास प्रवासी गाडी धावू लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये आगरतळा-आखाउरा लोहमार्गाचे उद्‌घाटन झाले. फाळणीपूर्वीचे जाळे पुन्हा विणले जात होते. आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी विद्यार्थ्यांच्या उठावापुढे शेख हसीना यांनी देश सोडला व त्या भारतात आल्या. प्रवासी गाड्या थांबल्या. मार्च २०२५ मध्ये हंगामी सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस यांनी चीनमध्ये बोलताना, ईशान्य भारताला समुद्र नाही आणि त्या समुद्राचे राखणदार आम्ही आहोत, अशा आशयाचे उद्गार काढले. एप्रिलमध्ये भारताने बांगलादेशाचा माल आपल्या बंदरांतून व विमानतळांवरून परदेशी पाठविण्याची सवलत काढून घेतली. मे महिन्यात तयार कपड्यांची आयात भूमार्गाने बंद करून ती केवळ कोलकाता व न्हावाशेवा या बंदरांतून करण्याचा आदेश निघाला. ढाक्याचा सदरा मेघालयाच्या नाक्यावरून गुवाहाटीस येण्याऐवजी समुद्रमार्गे उरणला उतरावा, आणि तेथून आपल्याच वाटेने, त्याच मानेतून येथे यावा, असा हा प्रकार झाला.

पर्यायी वाटाही सुरक्षित राहिल्या नाहीत. म्यानमारमधील सित्तवे बंदरातून कलादान नदीमार्गे मिझोरामला जोडणाऱ्या योजनेचे पहिले जहाज मे २०२३ मध्ये पोहोचले. परंतु २०२१ च्या लष्करी उठावानंतर तो देश यादवीत सापडला आणि २०२४ च्या प्रारंभी त्या मार्गावरील पालेत्वा हे गाव अराकानी बंडखोरांच्या हाती गेले.

यातून काय समजावे? मैत्री निरुपयोगी असते आणि केवळ शस्त्रच खरे, असा निष्कर्ष काहीजण काढतात. मला तो पटत नाही. २०२४ मध्ये आपला एका राजवटीवरील विश्वास अपुरा ठरला. तेवढ्यावरून मैत्री खोटी ठरत नाही. त्या मैत्रीत ढाक्याचे सरकार होते, तेथील तरुण नव्हता. तिस्तेच्या पाणीवाटपाचा करार २०११ मध्ये सहीपर्यंत येऊन थांबला, तो तसाच राहिला. रंगपूरच्या शेतकऱ्याला भारत म्हणजे उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी, एवढीच ओळख उरली. याच्या शेजारी २०१५ ची अदलाबदल ठेवून पाहावी. ती टिकली. राजवट बदलली, भाषा कडवट झाली, तरी छिटमहलांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला नाही. कारण तो सामान्य माणसाच्या घराचा, मताचा आणि शाळेचा प्रश्न म्हणून सोडविला गेला होता. राजवटींशी केलेले करार राजवटींबरोबर डळमळतात; ज्या कराराने माणसाचे जगणे सुकर होते, तो त्यांच्यानंतरही उभा राहतो.

या वाटेची रुंदी आपण एका हातानेही वाढवू शकत नाही. तिच्यावर रेल्वेचे जादा रूळ टाकता येतील, पूल भक्कम करता येतील, खिंडीवर सैन्य ठेवता येईल, आणि ते सारे केलेच पाहिजे. १९६७ चे तेच सांगणे आहे. पण दोनशे वर्षांच्या इतिहासात ही मान जेव्हा जेव्हा आवळली गेली, तेव्हा आधी कोणी तरी शेजारी दुरावला होता. आणि जेव्हा ती सैल झाली, तेव्हा कोणाशी तरी समजुतीने वागण्यात आले होते. ज्यांची ठिगळे घेऊन ही गोधडी शिवली, त्यांच्या उबेचाही विचार करावा लागतो.

आपण या मानेपलीकडे राहणारी माणसे आहोत. परराष्ट्रधोरण आपल्या हाती नाही. परंतु शेजारधर्म काय असतो, हे परमुलखात पन्नास वर्षे संसार केलेल्या मराठी मंडळींना कोणी शिकवावयास नको. २०१७ च्या त्या गणपतीनंतर पेणहून मूर्ती आणण्याचा विषय कार्यकारिणीत पुन्हा निघाला होता. वाटा सुरू झाल्या होत्या, आणण्यास अडचण नव्हती. सभेने एकमताने ठराव केला की मूर्ती त्याच कारागिराकडून घ्यावी. तो वृद्ध गेला. आता त्याचा मुलगा मूर्ती करतो. सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या गणपतीचे डोळेही तसेच लांबट आणि पाणीदार आहेत, आणि आपल्या मुलांना गणपती म्हटला की तेच डोळे आठवतात.